फळीवरच्या कपबशांची थरथर

माझी नोकरी जहाजांची थरथर मोजण्याची होती, असं आदिलाबादजवळच्या इचोड्यात, आमच्या गावात, कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात. समुद्र आमच्यापासून एक दिवस आणि एक रात्र लांब. गावात पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर नळाचं, तेही यायचं तेव्हा यायचं. मी विशाखापट्टणमला नोकरीला लागलो आणि पहिल्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा मायने विचारलं होतं, "जहाज पाण्यात राह्यते, तं हालनारच नं? त्यात मोजाचं काय?" मी अर्धा तास तिला समजावून सांगितलं, पाटीवर खडूने जहाज काढून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तुझ्या बाबाचंच काम करून राह्यला तू. फक्त त्याहिले कोनी पगार देल्ला नाही."

मला तेव्हा राग आला होता. इतकं शिकून, परीक्षा देऊन शेवटी चक्कीवाल्याचंच काम! पण तिचं खरं होतं.

बाबांची पिठाची चक्की होती. हैदराबाद-नागपूर रस्त्याला लागूनच. पुढे चक्की, मागे आम्ही, मधे एक भिंत. चक्कीच्या खोलीत जमिनीत काँक्रीटचा मोठा ठोकळा गाडलेला होता आणि त्यावर तेलाचं इंजिन बसवलेलं. इंजिन सुरू झालं की आधी ठोकळा थरथरायचा, मग भिंत, मग भिंतीत रोवलेली माळ्याची तुळई, आणि त्या तुळईला टांगलेली स्वयंपाकघरातली फळी. फळीवर कपबशा असायच्या. त्या किणकिण वाजायला लागायच्या.

रोज सकाळी दळण घ्यायच्या आधी बाबा पट्टा न चढवता नुसतंच इंजिन थोडा वेळ चालवायचे. त्याला ते इंजिनाचा गळा मोकळा करणं म्हणायचे. फळीवरच्या कपबशा वाजायला लागल्या की माय चहा ठेवायची. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. दोन कप व्हायचे. एक कप घेऊन ती चक्कीत जायची आणि इंजिनाजवळच्या लाकडी पेटीवर ठेवायची. बाबा त्या पेटीवरच बसायचे. तीही तिथेच खाली जमिनीवर बसून आपला कप प्यायची. इंजिनाच्या आवाजात बोलणं शक्यच नसायचं, आणि त्या दोघांना बोलायचंही नसायचं. चहा संपला की ती उठून आत यायची आणि घरातला दिवस सुरू व्हायचा.

बाबांचा तळहात म्हणजे गावात कौतुकाचा विषय होता. येता-जाता ते भिंतीला हात लावायचे आणि सांगायचे, दगड टाकीला आला, म्हणजे झिजून गुळगुळीत झाला, पुन्हा टाचायला हवा. किंवा, पट्टा परवापर्यंत जाते. आणि परवा पट्टा जायचा. बायाबापड्यांना वाटायचं यांना काही विद्या येते. मी शाळेत शहाणा ठरलेला मुलगा, मला ते थोतांड वाटायचं. एकदा त्यांनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला आणि म्हणाले, "कान बंद कर. हातानं आयक." मला भिंतीचा गारवा लागला, दुसरं काही नाही. मी तसं सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "येईन. घाई कायची हाय?"

ते आलं, पण फार उशिरा आणि फार दूर.

जहाजाचा सांगाडा पोलादाचा असला तरी तो लवतो. पाण्यावर लांब तुळईसारखा तरंगत असतो आणि मागे पाण्याखाली पंखा फिरत असतो. पंख्याचं प्रत्येक पातं जहाजाच्या बुडाखालून जाताना पाण्याचा एक ठोसा मारून जातं. प्रत्येक सांगाड्याची स्वतःची एक हलायची गती असते. पात्यांच्या ठोशांची गती आणि ती गती एक झाली, की सगळं जहाज आतून कापायला लागतं. गंमत म्हणजे ठोसा बसतो एकीकडे आणि थरथर होते भलतीकडेच. पंखा असतो मागे, आणि वर कप्तानाच्या खोलीतला आरसा खिळ्यावरून सुटतो. मग कोणीतरी शहाणा आरशाचा खिळा बदलायला निघतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझं काम ठोसा कुठे बसतो ते शोधण्याचं.

आणि आणखी एक काम होतं, ते मला जास्त आवडायचं. जहाज बांधायच्या आधीच कागदावर गणित करून सांगायचं, की या जहाजाचं अंग इंजिनाच्या इतक्या फेऱ्यांना थरथरेल. मग दोन वर्षांनी जहाज समुद्रात चाचणीला निघतं, आपण जागोजागी यंत्रं चिकटवून बसतो, कागदाची पट्टी सरकत असते, काटा बारीक रेघ ओढत असतो. इंजिनाचा वेग हळूहळू चढवत नेतात. आणि आपण सांगितलेल्या फेऱ्यांच्या आसपास ती रेघ फुगते. त्या क्षणी जी धुंदी येते ती मी दारूत कधी अनुभवली नाही. परवा पट्टा जाते, आणि परवा पट्टा गेला.

बाबांना मी पत्रातून हे लिहायचो. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "एक डाव तुझ्या जहाजाले हात लावून पाहाचा हाय." मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. तीन वर्षं मी पुढच्या वर्षी म्हणत राहिलो. आधी राहायला जागा नव्हती, मग माझं लग्न, मग मुलगी लहान. खरं कारण सांगायचं तर मला लाज वाटायची. धोतरातला चक्कीवाला गोदीत येऊन सगळ्यांसमोर जहाजाला तळहात लावून उभा राहील, आणि माझे साहेब बघतील, याची.

बाबा गेले त्या सकाळी मी समुद्रात होतो. चाचणी तीन दिवसांची होती. तार गोदीतल्या टेबलावर पडून राहिली. मी किनाऱ्याला लागलो तेव्हा इकडे सगळं उरकलं होतं. त्या सकाळची कागदाची पट्टी मी पुढे किती वेळा काढून पाहिली, सांगता येणार नाही. रेघ सरळ आहे. तासभर सरळच. माझ्याकडे जगातली बारीकात बारीक थरथर पकडणारी यंत्रं होती आणि मला काहीही कळलं नव्हतं.

मायने चक्की बंद केली. इंजिन आणि दगड गुडीहत्नूरच्या एका माणसाने नेले. ठोकळा मात्र जमिनीतच राहिला, तो कोण उपटणार? बाजूची जागा तिने मंचेरियलकडून आलेल्या एका तेलुगू माणसाला चहाच्या हॉटेलासाठी दिली. तो माणूस भला. तिला अम्मा म्हणायचा, तिचं किराणा सामान आणून द्यायचा. मी दर सुट्टीत तिला म्हणायचो, माझ्याकडे चल. ती म्हणायची, "पाहू." एकटी बाई, रिकामं घर, रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक. मला काळजी वाटायची, आणि तारेच्या त्या प्रसंगानंतर तर मी काळजीचं सोंगही जरा जास्तच करायचो.

बाबांना जाऊन वर्ष झालं असेल, तेव्हा तिचं कार्ड आलं. "रोज सकाळी घर हालून राह्यलं. कपबशा वाजतात. तू जहाजं मोजतो, एक डाव आपलं घर मोजून जा, किती दिवस राहीन ते सांग." एवढंच.

मी घाबरलो. भिंतीला तडे गेले असतील, माळा तिच्या अंगावर पडेल, असले विचार. वरिष्ठांच्या हातापाया पडून एक छोटं मोजायचं यंत्र मागून घेतलं, सिकंदराबादपर्यंत रेल्वेने मांडीवर धरून आणलं, पुढे बसमध्येही. निर्मलचा घाट चढताना पेटीवर स्वेटर गुंडाळला. बसमधल्या लोकांना वाटलं, पेटीत देव आहे.

पहिल्या सकाळी मी झोपेत असतानाच कपबशा वाजल्या. किणकिण, अगदी तीच. क्षणभर मी दहा वर्षांचा झालो आणि शाळेला उशीर झाला म्हणून उठून बसलो. मग आठवलं, बाबा नाहीत, इंजिन नाही, चक्कीची खोली रिकामी आहे. मी शिकलेला माणूस आहे, भुताखेतांना हसणारा. पण त्या क्षणी मला अंथरुणातून पाय खाली ठेववेना.

माय उठलेलीच होती. चूल पेटली होती, पातेल्यात चहा उकळत होता. तिने दोन कप भरले. माझ्याकडे पाहिलंही नाही. एक कप घेऊन ती चक्कीच्या खोलीत गेली. मी दाराआडून बघत होतो. रिकाम्या खोलीत फक्त ती लाकडी पेटी उरली होती. तिने कप पेटीवर ठेवला आणि स्वतः खाली जमिनीवर बसून आपला चहा प्यायला लागली. पेटीवरच्या कपात चहाच्या पृष्ठभागावर बारीक गोल लाटा उठत होत्या. थोड्या वेळाने लाटा थांबल्या. तिने तो कप उचलला, मागच्या दाराने बाहेर जाऊन लिंबाच्या बुडाशी ओतला आणि विसळून फळीवर ठेवला.

मला वाटलं, हिचं डोकं फिरतंय. एकटीने राहून राहून हिला नवरा दिसायला लागलाय. उद्या गावात बोभाटा होईल, मग कोणी मांत्रिक आणेल, कोणी उतारा टाकेल. मी तिथल्या तिथे ठरवलं की हे काय आहे ते शोधून काढायचं, बंद करायचं, आणि हिला घेऊन जायचं. तिला मी काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती आणि मला तर उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटत होतं.

दोन सकाळी मी घर मोजलं. जहाजात यंत्र लोहचुंबकाने चिकटतं, इथे मातीच्या भिंतीला काय चिकटणार? लोखंडी पट्ट्या ठोकल्या, त्यांना चिकटवलं. वहीच्या कागदावर घराचा नकाशा काढून जागोजागी आकडे लिहिले. काटा सांगत होता, सेकंदाला दहापेक्षा थोडे जास्त हेलकावे. बाबांचं इंजिनही जवळपास तेवढंच फिरायचं. आणि घरात सगळ्यात जास्त थरथर कुठे, तर बरोबर त्या लाकडी पेटीपाशी. हे मी नकाशावर लिहिलं, भोवती गोल केला आणि पुढे गेलो. बाबांनी पेटी तिथे का ठेवली असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. इंजिनाचं मन सगळ्यात स्पष्ट जिथे कळतं, तीच जागा त्यांनी यंत्राशिवाय शोधली होती.

ठोसा कुठे बसतोय, ते सापडायला फार वेळ लागला नाही. हॉटेलवाल्याने पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रक रुतू नयेत म्हणून समोर काँक्रीट टाकून घेतलं होतं, आणि ते थेट आमच्या भिंतीपर्यंत आणून भिंतीखालून डोकावणाऱ्या जुन्या ठोकळ्याला भिडवलं होतं. रात्री मुक्कामाला थांबलेले ट्रक सकाळी तिथेच सुरू व्हायचे आणि उभ्या उभ्या घुरघुरत राहायचे. मी एका ड्रायव्हरला विचारलं, चालू ठेवून काय करतोस? तो म्हणाला, "हवा भर रहा है साब. हवा नहीं तो ब्रेक नहीं." ट्रकाची घुरघुर काँक्रीटमधून ठोकळ्याला, ठोकळ्यातून भिंतीला, भिंतीतून तुळईला. इतकी वर्षं ती तुळई ज्या वेगाला थरथरायची, तोच वेग तिला आयता मिळत होता. इंजिन गेलं होतं, पण त्याचं घर जागच्या जागी होतं.

मला इतका आनंद झाला की काय सांगू! आणि आनंद झाला की माझं तोंड सुटतं. हॉटेलवाल्याला मी चार लोकांत झापलं. म्हातारीचं घर पाडायला निघालास का, तुझ्या ट्रकांमुळे तिची झोप उडाली, वगैरे. बिचारा हात जोडून एवढंच म्हणाला, "अम्मा ने कभी बोला नहीं साब. बोलते तो मैं उसी दिन हटाता."

पण ट्रक हटवले तर त्याचा धंदाच बसला असता. आमच्या धंद्यातही पंखा कोणी काढून टाकत नाही, सांगाड्याचा स्वभाव बदलतात. मी बाजारातून सागाची एक थुणी आणली, तुळईच्या बरोबर मध्याखाली उभी केली आणि पाचर ठोकून घट्ट बसवली. तुळई ताठ झाली. ट्रकाचा ठोसा बसत राहील, पण घर त्याला दाद देणार नाही. माय दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे काऊन?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी कळेल."

सकाळ झाली आणि कपबशा वाजल्या नाहीत. बाहेर चार ट्रक घुरघुरत होते, मी कानाने ऐकत होतो, आणि फळीवर सगळं चिडीचूप. मी अंथरुणात पडल्या पडल्या हसत होतो. मग लक्षात आलं की चहाचा वास येत नाही. उठून पाहिलं. माय चुलीसमोर बसली होती, पातेलं रिकामं, हात मांडीवर. बराच वेळ बसली असावी.

"आज ट्रक नाही आले?" तिने विचारलं.

"आलेत. चार उभे आहेत. पण आता घराला कळत नाही," मी म्हणालो. केवढ्या तोऱ्यात म्हणालो! आणि मग ठोकळा, भिंत, तुळई, थुणी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने पाटीवरच्या जहाजाचं ऐकलं होतं तसंच हेही ऐकलं.

"म्हंजे आता कधीच नाही येनार?"

"थुणी आहे तोवर नाही. म्हणजे कधीच नाही."

ती उठली, चहा ठेवला, मला दिला. दिवसभर कामं करत राहिली. भांडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी मी आदिलाबादला एका कामाला जाऊन आलो, घरी तेच. तिसऱ्या दिवशी ती ऊन वर आलं तरी उठली नाही. माझी माय उन्हं येईपर्यंत झोपलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी जवळ जाऊन बसलो. कपाळाला हात लावला, ताप नव्हता.

"माय, तू त्यांच्यासाठी चहा ठेवत होतीस ना?" मी शेवटी विचारलं. "पण ते बाबा नव्हते गं. ट्रक होते."

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर मी वेडसर काहीतरी शोधत होतो, आणि तिथे होता तो निव्वळ वैताग.

"ट्रक होते हे मले समजत नव्हतं का? मी का बहिरी हाव? ट्रक रस्त्यावर उभे हायत, मी रोज पाहतो. पन कपबशा तं त्याच होत्या नं? फळी तीच होती. तेवढा टाइम मले बरं वाटे. मी तुले मोजाले बोलावलं होतं. हे अजून किती दिवस राहीन ते सांग म्हणलं होतं. मले वाटे, रस्ता बदलला, हॉटेल गेलं, तं हे बी जाईन. आधीच मालूम असलं तं मनाची तयारी होते. बंद कर म्हणून कोनं सांगतलं तुले? अति शहाणा तू."

म्हणीचा उरलेला भाग तिने म्हटला नाही. बैल रिकामा हे मला माहीतच होतं.

आयुष्यभर मी पुढे काय होईल ते सांगायचा पगार घेत होतो. माझ्या आईने एकदाच, फक्त एकदा, तेवढंच मागितलं होतं, आणि मी ते ऐकलंच नव्हतं. बाबांना मी जहाजाजवळ येऊ दिलं नव्हतं, आणि आता त्यांना घरातूनही काढलं होतं. मला माझी इतकी किळस आली की मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी मी पाचर ठोकून काढली आणि थुणी बाहेर नेऊन टाकली. "उद्या सकाळी परत येईल," मी मायला म्हणालो. "लिहून देतो पाहिजे तर." झोपायच्या आधी तिने दोन कप पुढे काढून ठेवले.

सकाळी आम्ही दोघंही स्वयंपाकघरात होतो. ट्रकाचं इंजिन सुरू झालं. मग दुसरं. मायचा हात फळीच्या कडेवर होता. मी बघत होतो तिच्या बोटांकडे. ट्रक घुरघुरले, हवा भरली, ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज आला, ट्रक निघून गेले. फळीवर एक बशीसुद्धा हलली नाही.

बाहेर जाऊन पाहिलं. आमच्या भिंतीलगतचं हातभर काँक्रीट पहारीने फोडून काढलेलं होतं आणि तिथे माती भरली होती. मी आदिलाबादला गेलो होतो, तेवढ्यात हॉटेलवाल्याने स्वतः बसून ते केलं होतं. मी झापल्यावर त्याला रात्रभर झोप लागली नव्हती म्हणे. मला पाहून तो हसला, हात पुसत म्हणाला, "अब अम्मा को तकलीफ नहीं होगी."

मी आत येऊन सांगितलं. म्हटलं, त्याला सांगतो पुन्हा काँक्रीट टाकायला, पुन्हा जोडून घेऊ. माय म्हणाली, "त्याले एक शब्द नको बोलू. त्यानं माह्यासाठी केलं." आणि पुढे काढलेल्या दोन कपांतला एक तिने उचलून परत फळीवर ठेवला.

मी रजा वाढवून घेतली. गोदीत आम्ही धक्क्याला बांधलेल्या जहाजाला मुद्दाम हलवून पाहतो. एका मोटरीवर जड लोखंडाचा तुकडा एका बाजूला बसवायचा, मोटर फिरली की तुकडा जहाजाला हिसके देतो. तसंच एक मी केलं. कूलरची जुनी मोटर आणली, पट्टा लावून तिचा वेग उतरवला, चाकाला एका बाजूला लोखंड कसलं आणि चक्कीच्या खोलीतल्या त्या ठोकळ्यावर बसवली. चार दिवस खपलो. वेग थोडा कमी, थोडा जास्त करत, यंत्राचा काटा जुन्या आकड्यावर आणून ठेवला. भिंतीला बटन लावलं. खोटं होतं सगळं, मला कळत होतं. पण मला दुसरं काही येत नव्हतं.

पाचव्या सकाळी मी बटन दाबलं. कपबशा वाजल्या. हुबेहूब. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलो. माय फळीकडे पाहत होती. तिने फळीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे वळून हसली. "हो," म्हणाली. "तेच हाय. अगदी तेच."

मी लहान मुलासारखा रडलो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "झालं आता. जाय तू, नोकरी पाह्य." दुसऱ्या दिवशी मी हलक्या मनाने बसमध्ये बसलो.

पुढे दर सुट्टीला मी यायचो आणि पहिल्याच सकाळी झोपेत ती किणकिण ऐकू यायची. बरं वाटायचं. आपण एक मोठी चूक केली होती आणि निस्तरली होती. मायला माझ्याकडे चल म्हणायचंही मी सोडून दिलं होतं. तिची सोबत मी तिच्या घरात परत आणून दिली होती ना!

दोनेक वर्षांनी दिवाळीला आलो होतो. सकाळी कपबशा वाजत होत्या. मी तोंड धुवायला बाहेर गेलो, तर हॉटेलवाला बाकं मांडत होता. त्याने कान देऊन आतली घरघर ऐकली आणि हसून म्हणाला, "आप आए तो ही अम्मा वो मशीन चलाते, साब. नहीं तो पूरा साल बंद रहता."

मी चक्कीच्या खोलीत गेलो. मोटर फिरत होती. बाजूला जुन्या लुगड्याचं फडकं घडी घालून ठेवलं होतं. ते मोटरीवर झाकायचं असणार, कारण त्यावर धूळ होती आणि मोटर स्वच्छ होती. लाकडी पेटी भिंतीला सरकवून तिच्यावर डबे रचले होते. डब्यांच्या मधून पेटीच्या झाकणावर कपाचे जुने गोल डाग दिसत होते, त्यांतला एकही ताजा नव्हता.

स्वयंपाकघरात आलो. माय चुलीपुढे बसली होती. तिने चहा गाळला. कप एकच होता. तो तिने माझ्यापुढे सरकवला.

"आयकलं का?" तिने फळीकडे मान करून विचारलं. "तेच हाय नं?"

मी म्हटलं, "हो माय. तेच आहे." आणि चहा प्यायलो. मी कप खाली ठेवेपर्यंत ती थांबली, मग उठून चक्कीच्या खोलीत गेली आणि तिने बटन बंद केलं.